परक्या पेठेत बोलताना

निपाणीची तंबाखूची पेठ असो की बेळगावचा बाजार, परगावचा व्यापारी तेथे उतरला म्हणजे प्रथम त्या ठिकाणचा रिवाज विचारून घेतो. अडत किती, कडता किती, तोलाई कोणी द्यावयाची, हे ठाऊक झाल्यावाचून शहाणा मनुष्य सौद्याला हात घालीत नाही. आपल्या वर्गास ही गोष्ट शिकवावी लागत नाही. परंतु मालाच्या बाबतीत इतकी दक्ष असणारी आपली माणसे परदेशी गेली की शब्दांच्या बाबतीत मात्र गाफील राहतात, असे खेदाने म्हणावे लागते.

संयुक्त अरब अमिरातीत आज पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या दिवसांत, त्यांपैकी काहींनी मुसलमान समाजाविषयी द्वेषाचा मजकूर समाजमाध्यमांवर प्रसृत केला आणि त्यापायी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. भेदभाव हा आपल्या नीतिमूल्यांस व कायद्याच्या राज्यास धरून नाही, हे येथील भारतीयांनी सदैव ध्यानात ठेवावे, असे त्या वेळचे आपले राजदूत पवन कपूर यांना जाहीरपणे बजवावे लागले. एका देशाच्या राजदूतास आपल्याच नागरिकांना असे सांगण्याची वेळ यावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

पुष्कळांची समजूत अशी दिसते की, मजकूर मायबोलीत, वाचणारे गावचेच, तेव्हा हे म्हणजे ओट्यावरचे बोलणे. तेथील कायदा तसे मानीत नाही. २०२१ च्या तेथील सायबर कायद्यान्वये इंटरनेटवरून कोणास शिवीगाळ केली तरी अडीच ते पाच लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि कैदही. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी. गावाकडील मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी अथवा पांजरपोळासाठी चार परिचितांना वर्गणीचे आवाहन धाडणे आपल्याला पुण्यकृत्य वाटते. तेथे परवानाधारक संस्थेवाचून कोणासही निधी गोळा करता येत नाही. हेतू कितीही शुद्ध असला तरी गुन्हा तो गुन्हाच.

कोणी म्हणेल, ही मुस्कटदाबी झाली. लोकशाहीत वाढलेल्या माणसाने ती का सोसावी? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी आपली स्वतःची वही उघडून पाहावी. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले भाषणस्वातंत्र्य केवळ नागरिकांना आहे. २१ व्या अनुच्छेदाचे जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीस आहे, परक्यासही. डिसेंबर २०१९ मध्ये चेन्नईत शिकणाऱ्या एका जर्मन विद्यार्थ्यास निदर्शनांत भाग घेतल्यावरून देश सोडावा लागला. कोलकात्यात शिकणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्यास अशीच नोटीस मिळाली, ती मात्र कलकत्ता उच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली. आपल्या न्यायालयाचा हा निर्णय आम्हांस अभिमानाचा वाटतो. तथापि तशी दाद सर्वत्र मिळेल असे धरून चालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. सिंगापुरात होंग लिम उद्यानात भाषणासाठी खास कोपरा राखलेला आहे; तेथेही परकीयास परवान्यावाचून भाषण करता येत नाही.

मग गांधीजींचे काय? ते १८९३ साली दक्षिण आफ्रिकेस गेले ते दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या पेढीच्या कामासाठी, आणि पुढे ट्रान्सवालमधील नोंदणीचा कायदा मोडून जानेवारी १९०८ मध्ये तुरुंगात गेले. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली. (लोहियांच्या दृष्टीने गोवा परदेश नव्हताच, ही गोष्ट निराळी.) या दोघांनी कायदा मोडला तो उघडपणे, अन्यायाविरुद्ध, आणि शिक्षा स्वतःच्या अंगावर घेऊन. शेजाऱ्याच्या धर्माची निंदा करावयाची आणि अंगाशी येताच मजकूर पुसून टाकावयाचा, याची त्यांच्याशी तुलना करणे हा त्या थोर पुरुषांचा उपमर्द होय.

येथे आमच्या व्यापारी बंधूंना एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. ‘येथे बोलायची सोय नाही’ हे वाक्य परदेशातील मालकाच्या तोंडी फार सोयीचे असते. नोकराचा पगार थकला, त्याचे पारपत्र मालकाने कपाटात ठेवले, तरी त्याने गप्प राहावे, असा त्याचा अर्थ केला जातो. वास्तविक पारपत्र अडकवून ठेवणे अमिरातीत बेकायदा आहे, आणि थकलेल्या पगाराची तक्रार तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडे करता येते. आपला वकिलातीचा दरवाजाही असतो. स्थानिक मर्यादेच्या नावाखाली गरिबाचे तोंड बांधणारा मालक त्या देशाचा मान राखीत नसून आपली तिजोरी राखीत असतो.

सदलगा, निपाणी, चिकोडी या भागांतील मुले आता दूरदूर जातात. भाषासमितीचा पाठ घरोघरी होतो, पण परदेशच्या कायद्याची माहिती त्यातून मिळत नाही. तेव्हा आपल्या संघाने निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मराठीत व कानडीत छापलेले एक पान द्यावे. त्या देशात काय लिहिणे गुन्हा आहे, वर्गणीस कोणाची परवानगी लागते, पगार थकल्यास कोठे जावे, एवढे त्यात असले तरी पुरे. ते दरवर्षी तपासावे मात्र लागेल. अमिरातीचा २०१५ चा द्वेषविरोधी कायदा २०२३ मध्ये बदलून त्या जागी नवा आला, आणि जुने पान घेऊन गेलेल्यास ते कळणार नाही.