मातेचा रकाना

गरोदरपणातील मधुमेह प्रसूतीबरोबर बहुधा ओसरतो, परंतु त्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर मातांच्या मानाने सुमारे 10 पट असतो, हे या सदराच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. तथापि या आठवड्यात एका परिसंवादात एका विद्वान वक्त्यांनी, आपल्याकडच्या बायका आहारविहार बदलत नाहीत हे आता प्रयोगानेच सिद्ध झाले आहे, तेव्हा गोळी सुरू करावी आणि मोकळे व्हावे, असा जो निवाडा दिला, तो निमूटपणे ऐकून घेणे मला अशक्य झाले.

ज्या प्रयोगाचा त्यांनी दाखला दिला तो भारत, बांगलादेश आणि श्रीलंका येथील रुग्णालयांत झाला व 2022 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीला 3 ते 18 महिने झालेल्या 1,601 स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला वर्षभरात चार सामूहिक बैठका, मोबाइलवर 84 संदेश आणि फोनवरून अधूनमधून विचारपूस एवढे साहाय्य दिले गेले, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला मिळाला. आणि सुमारे 14 महिन्यांनी पाहता पहिल्या गटात 25.5 टक्के तर दुसऱ्या गटात 27.1 टक्के स्त्रियांची साखरेची स्थिती खालावलेली आढळली, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मध्यंतरी कोविडची टाळेबंदी आली, ही बाब वक्त्यांनी ओझरतीही उल्लेखिली नाही.

आता याच्या शेजारी अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाचा प्रयोग ठेवून पाहावा. त्यात 3,234 जण होते आणि आहारविहार बदलणाऱ्या गटात मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, हा 2002 सालचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. परंतु त्यांतील 350 स्त्रियांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेला होता, आणि त्यांचा जो स्वतंत्र हिशेब 2008 साली मांडला गेला तो मला अधिक बोलका वाटतो. त्यांच्यातही धोका निम्म्यावर आला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही तो जवळजवळ तितकाच उतरला, तेव्हा गोळीशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते ‘आणि मोकळे व्हावे’ या शब्दांशी. कारण तिथे प्रत्येकीच्या दिमतीला एक प्रशिक्षित मार्गदर्शक नेमलेला होता, पहिल्या 24 आठवड्यांत समोरासमोर बसवून 16 पाठ दिले गेले, वजन 7 टक्क्यांनी उतरवावे आणि आठवड्याला 150 मिनिटे झपाट्याने चालावे असे नेमके उद्दिष्ट होते, आणि ते न साधल्यास काय अडले याची चौकशी करणारे माणूस पगारावर होते. शिवाय त्या स्त्रियांची ती प्रसूती सरासरी 12 वर्षांमागची होती, म्हणजे मूल स्वतःच्या हाताने जेवून शाळेला जाणारे. इतकी अनुकूलता असूनही त्यांचे उतरलेले वजन तीन वर्षांत बरेचसे परत आले. आणि तरीही, हे विशेष लक्षात घ्यावे, धोका निम्माच राहिला. अर्धवट साधलेल्या बदलाचेही शरीराच्या जमाखर्चात एवढे मोल असेल, तर ‘बायकांना जमत नाही’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणास उरतो?

आपल्या उपखंडातील प्रयोगातली स्त्री मात्र ओली बाळंतीण नसली तरी तिच्या कडेवर तान्हे आहे, रात्रीची झोप दोन-दोन तासांनी तुटते आहे, रजा संपली म्हणून कचेरीत रुजू होण्याचा तगादा आहे, आणि दूध यावे म्हणून डिंकाचे लाडू व तुपातला शिरा तिच्यापुढे अत्यंत मायेने ठेवणारी माणसे घरात आहेत, ज्यांना नाही म्हणणे हा उद्धटपणा ठरतो. तिच्या मोबाइलवर 84 संदेश धाडून आपण तिला पुरेशी संधी दिली असे मानणे मला अन्यायाचे वाटते. प्रयोग करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे जे पुढे मांडले, त्यातून एवढेच निष्पन्न होते की अशा काळात हलका उपाय पुरत नाही. आणि त्याच प्रयोगाच्या दारात, प्रसूतीनंतर साधारण साडेसहा महिन्यांनी तपासलेल्या 1,823 स्त्रियांपैकी 160 जणींना आधीच मधुमेह जडलेला होता, ही गोष्ट तर परिसंवादात कोणीच काढली नाही.

येथे मला माझ्या जुन्या विषयाकडे, आशाताईंच्या मानधनाकडे, यावेच लागते. लहान मुलांच्या गृहभेटींची जी योजना 2018 साली आखली गेली, तिच्यानुसार आशा सेविका बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाते. म्हणजे प्रयोगातील स्त्रिया ज्या अवधीत होत्या, नेमक्या त्याच अवधीत सरकारचे माणूस पाच वेळा उंबरठा ओलांडते, बाळाचे वजन व आहार पाहते, आणि समोर बसलेल्या आईचे वजन विचारण्याचे फर्मान तिला कोणी काढलेले नाही. या पाच भेटींचे मिळून 250 रुपये अशी मूळ तरतूद होती. एवढ्या मोबदल्यात आणखी एक जबाबदारी तिच्या माथी मारू नये. योग्य रक्कम मंजूर करून, शिक्षण देऊन, सासूबाई व नवरा यांना समोर बसवून बोलण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. तसे झाल्यास त्या 16 पाठांच्या जवळपास जाणारे काहीतरी आपल्याकडे उभे राहील, अशी माझी खात्री आहे. या खात्रीला आकड्यांचा आधार अजून कोणी दिलेला नाही, कारण असा प्रयत्न नेटाने करून पाहण्याची तजवीजच झालेली नाही.

तोवर घरच्यांनी एक करावे. बाळाला पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा सहाव्या आठवड्यात दिली जाते, आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची आईची तपासणीही त्याच सुमारास करावयाची असते. तेव्हा त्या सकाळी तिला उपाशीपोटी न्यावे, दोन तास बाळाला कोणीतरी सांभाळावे, आणि दोन तासांचा आकडा 140 च्या आत आला तरी पुढच्या तपासणीची तारीख बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच लिहून घेण्याचा आग्रह धरावा. ही तपासणी नंतरही दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर, करत राहावयाची आहे.