ब्रायटनचा चंपीवाला आणि आपल्या मोहल्ल्यातला हज्जाम

‘शॅम्पूचा शोध एका मुसलमानाने लावला’ हा मजकूर दर काही महिन्यांनी आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. त्यातला माणूस खरा आहे, पण त्याची गोष्ट आपण अर्धीच सांगतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन हे पूर्वी मासेमारीचं गाव होतं. १७५०च्या सुमारास रिचर्ड रसेल या डॉक्टरने लिहिलं की समुद्राचं पाणी औषध आहे, त्यात डुंबावं आणि ते प्यावंही. मग दुखणाईत श्रीमंतांची तिथे रीघ लागली. त्यांच्यामागून युवराज आला, पुढचा राजा चौथा जॉर्ज. त्याच्यासाठी जॉन नॅशने रॉयल पॅव्हेलियनला दिलेले घुमट आणि मिनार पाहिले की हा महाल हिंदुस्थानातून उचलून आणलाय असं वाटतं. आजही पर्यटक तो पाहायला जातात.

याच गावात १८१४ साली पाटण्याचा शेख दीन महंमद आला. त्याआधी तो कंपनीच्या फौजेत होता. १७९४ साली त्याने इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली, पण दोन वर्षांत दिवाळं निघालं. ब्रायटनमध्ये मात्र नशीब उघडलं. १८२१ साली त्याने समुद्रासमोर स्नानगृह थाटलं. आधी औषधी वाफ, मग अंग रगडून, चेपून काढायचं. बरे झालेल्यांच्या कुबड्या तिथल्या भिंतींवर टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाला.

तेव्हा शॅम्पू म्हणजे केसांचा साबण नव्हे. मूळ शब्द हिंदी ‘चाँपना’, म्हणजे दाबणं, चेपणं. आपण ज्याला चंपी म्हणतो, तीच ही कला. म्हणजे त्याने शोध काही लावला नाही. आपल्याकडची जुनी कला त्याने तिथे नेली आणि तिला मान मिळवून दिला.

मजकुरात आणखी एक गोष्ट गाळलेली असते. जेन डॅली या आयरिश मुलीशी लग्न करून तो ख्रिस्ती झाला होता. त्याची कबर ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. हे लपवण्यात काय मिळतं? एखाद्याबद्दल अभिमान वाटायचा तर तो माणूस जसा होता तसा घ्यायला हवा.

पण मला खरी बोच वेगळीच आहे. दीन महंमद स्वतःला खानदानी सांगत असे, पण त्याने पोट भरलं ते हज्जामाच्या हुन्नरावर. आपल्या मोहल्ल्यात हे काम करणारी बिरादरी आहे. लग्नात, सुंतेत आपण तिला हक्काने बोलावत आलो. मात्र रिश्त्याची बात निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘बिरादरी कौनसी?’ उत्तर ‘हज्जाम’ आलं की चहाचा कप अर्धाच राहतो. इस्लाममध्ये जातपात नाही, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीला मात्र हे दुखणं वर्षानुवर्षं वेशीवर टांगावं लागलं.

ब्रायटनला येणारे लॉर्ड आणि लेडी काही समतावादी नव्हते. साम्राज्य त्यांचं होतं, आणि पूर्वेची नवलाई हा त्यांचा शौक होता. तरीही आपलं दुखरं अंग त्यांनी या माणसाच्या हाती सोपवलं आणि त्या हाताच्या हुन्नराला दाद दिली. आपण तोच हात वापरतो आणि वर त्यालाच कमी लेखतो.

पुढच्या वेळी तो मजकूर आला की ‘माशाअल्लाह’ जरूर लिहा. त्याआधी एवढंच मनाशी विचारा: दीन महंमदचा मुलगा आज आपल्या घरी रिश्ता घेऊन आला, तर आपण त्याला काय उत्तर देऊ?