हॅमस्टर आजारी आहे, हे कसं ओळखाल?

ईदीचे पैसे जमले की हल्ली बरीच मुलं हॅमस्टरचा हट्ट धरतात. मांजरासारखा घरभर फिरत नाही, आवाज करत नाही, म्हणून अम्मी-अब्बाही लवकर तयार होतात. इतक्या छोट्या जनावराला काय होणार, असंच सगळ्यांना वाटतं.

होतं ते फार झटपट होतं. घरात पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर हे १९३० साली सीरियातल्या हलब म्हणजे अलेप्पो शहराजवळच्या एका बिळातून काढलेल्या पिल्लांचे वंशज आहेत. उघड्या माळावर जे जनावर दुबळं दिसतं, ते घुबडाच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडी आधी जातं. त्यामुळे दुखणं लपवण्याची सवय या जिवाच्या रक्तातच आहे. त्यात त्याचं वजन जेमतेम १०० ते १५० ग्रॅम. आपल्याला कळेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं, आणि मग 'उद्या बघू' म्हणायची सोय राहत नाही.

म्हणून तब्येत चांगली असतानाच त्याला नीट न्याहाळावं. दुपारी तो निजलेला असतो, तेव्हा उठवून काही कळत नाही. रात्री इशाची नमाज झाल्यावर घर निवांत होतं, तेव्हा तो जागा होतो. रमजानात सहरीला उठणाऱ्या घरांना तर ही पाहणी सोपीच. डोळे चमकदार, नाक कोरडं, शेपटीखालचा भाग स्वच्छ असावा. पुढचे दात पिवळसर-केशरी असतात, तो रोग नव्हे. कमरेच्या दोन्ही बाजूंना काळपट ठिपके दिसतात, त्या गंधाच्या ग्रंथी. खरूज समजून त्यांवर मलम चोळू नये. आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावं. १३० ग्रॅमचा हॅमस्टर आठवड्यात ११५ वर आला, तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठावा.

सर्वांत जास्त धास्ती हवी ती 'ओल्या शेपटी'ची. दुकानातून नुकतंच आणलेलं, आईपासून तुटलेलं तीन ते आठ आठवड्यांचं पिल्लू हिला सहज बळी पडतं. प्रवास, नवं घर, मुलांची सततची हाताळणी, या ताणात आतड्याचा संसर्ग उसळतो. पातळ जुलाब, ओला आणि घाण वास येणारा मागचा भाग, पाठीला पोक, अन्नाला तोंड नाही. अंगातलं पाणी संपून एक-दोन दिवसांत ते दगावू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. तोवर काकडी-कोबी बंद, पिंजरा उबदार आणि शांत ठेवावा. पाणी ओठांच्या कडेला थेंब थेंब लावावं, तोंडात ओतू नये, ठसका लागतो. आंघोळ तर मुळीच घालू नये.

आणि घरातली औषधाची पेटी उघडू नका. हे आम्ही मुद्दाम जोर देऊन लिहितो, कारण प्रेमापोटी नेमकं हेच केलं जातं. मुलाच्या सर्दी-तापातून उरलेलं अमॉक्सिसिलिन, तसंच पेनिसिलिन, अँपिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन हॅमस्टरला जिवावर बेततं. त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने तो काही दिवसांत जातो. शिवाय बारा किलोचं मूल त्याच्या शंभरपट वजनाचं असतं. मुलाच्या मापाचं औषध त्याला कसं चालेल?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिंजरा खिडकीतल्या उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत नको. आडवा पडून धापा टाकत असेल तर लगेच गार जागी न्यावं, अंग किंचित ओलसर करावं, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. एकच गाल दिवसभर फुगलेला राहिला तर गालाच्या पिशवीत काही अडकलंय किंवा गळू झालंय असं समजावं. चिकट मिठाई, खजुराचा गर देऊ नये. कापसाची मऊ गादीही नको. तिचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं.

पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावाच. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हॅमस्टर हाताळू नये, पिंजराही साफ करू नये. त्याच्यापासून क्वचित होणारा एक विषाणूचा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो.

गाई-म्हशी पाहणारे सगळेच डॉक्टर हॅमस्टर पाहत नाहीत. तेव्हा हॅमस्टर आणला त्याच आठवड्यात दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा. नेताना लहान डब्यात त्याच्याच पिंजऱ्यातला थोडा भुसा घाला, डब्यावर कापड टाका. ताज्या लेंड्या कागदात बांधून घ्या आणि वजनाची वही विसरू नका.