पडद्यामागचं मंचुरियन

आमच्या जालन्यात चायनीज खायच्या जागा दोन प्रकारच्या. एक म्हणजे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहणारी लाल गाडी. काळी कढई, ढणढण जाळ आणि भोवती पुरुषांचा घोळका. जवळ बार असला की घोळका आणखी दाट. तिथे बाई थांबत नाही. थांबलीच तर पार्सल हातात पडेपर्यंत स्कूटीवरून उतरत नाही. दुसरी जागा म्हणजे जुनं, साधं चायनीज हॉटेल. छताला कागदी लाल कंदील, भिंतीवर रंग उडालेला ड्रॅगन, सनमायकाची टेबलं, वाटीत व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या, आणि आत ‘फॅमिली रूम’.

फॅमिली रूम हा शब्द मोठा, खोली छोटी. प्लायवूडचे तीन-चार कप्पे आणि प्रत्येकाला एक मळका पडदा. शिकलेल्या मुली त्याला हसतात. मला मात्र हसवत नाही, कारण त्या पडद्यामागे कोण बसतं ते मी बघत आलेय. जिल्हा परिषदेतली मीटिंग संपवून परतूरची बस धरायच्या आधी सूप प्यायला आलेल्या अंगणवाडी सेविका. घनसावंगीहून परीक्षेला आलेल्या दोघी मुली, हाफ प्लेट नूडल्समध्ये दोन काटे. भिशीचा नंबर लागलेली एखादी वहिनी आणि तिच्या आठ मैत्रिणी. ‘टू बाय थ्री’ हा हिशेब जितका बायकांना जमतो तितका कुणालाच जमत नाही.

आता या पदार्थांचं मूळ बघा. मंचुरियन खायला मंचुरियात गेलात तर उपाशी परत याल. ते आपल्या मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वँग १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. काहीतरी नवीन करा म्हणून गिऱ्हाइकाने आग्रह धरला. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी, की आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं नेहमीचं वाटण घेतलं आणि पुढे गरम मसाला घालायचा तिथे सोया सॉस घातला, वर कॉर्नफ्लोअर. झालं! पुढे चिकनच्या जागी कोबी आला नि ते आमच्यासारख्या माळकरी घरांपर्यंत पोचलं. घरी कोबीची भाजी केली की ताटात उरते, त्याच कोबीचा गोळा लाल रश्शात बुडवला की पोरं बोटं चाटतात. हाका नूडल्समधले हाका म्हणजे कोलकात्यात येऊन चामड्याचे कारखाने चालवणारा चिनी समाज. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या मसाल्यात जी झिणझिणी आणणारी मिरी असते, ती कोकणातल्या तिरफळाची बहीण. आपल्या शेजवानात ती नसतेच. सुकी लाल मिरची नि लसूण, म्हणजे तेलात परतलेला ठेचाच की!

ज्यांनी ही चव आणली त्यांची कहाणी मात्र गोड नाही. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीयांना, बायका-मुलांसह, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. काहींची वर्षं तिथेच गेली. जे मागे राहिले त्यांनी हॉटेलं, बुटांची दुकानं चालवली, आणि त्यांच्या बायकांनी ब्युटी पार्लर. जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा असं म्हटलं, तेव्हा मला आमच्या हॉटेलातला भटारखाना आठवला. कढईवर नेपाळी मुलगा, भाज्या चिरायला भोकरदनकडची एक मावशी, गल्ल्यावर मराठी मालक. यात चीनचं काय होतं? तो कागदी कंदील फार तर.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. पार्सल. घरी चायनीज येतं ते बहुतेक पार्सलनेच. रबर बँड लावलेल्या पिशवीतलं सूप वाटीत ओतायचं, नूडल्सचा गोळा सोडवायचा, पोरांना, सासूबाईंना, ह्यांना वाढायचं आणि तळाशी उरलेली सिमला मिरची आपण खायची. बाहेरचं जेवण म्हणे! भांडी घासायचं ते घासायचंच. त्यावर उपाय म्हणून पुरवण्यांमधून ‘घरच्या घरी मंचुरियन’च्या कृती छापून आल्या, म्हणजे पुन्हा कोबी किसायला तीच बाई. कढईतून थेट ताटलीत पडलेला, वाफ निघणारा घास कुणीतरी आपल्यापुढे आणून ठेवतं, ही चैन पार्सलमध्ये नाही. हाफ प्लेटच्या पैशांत ती मिळत असेल तर मी तिला उधळपट्टी म्हणणार नाही.

म्हणून ही जुनी हॉटेलं टिकायला हवीत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मोठ्या हॉटेलांची भूल पडायला लागलीय. पण पायी किंवा शेअर रिक्षाने येणाऱ्या बाईला तिथे कोण नेणार?

टिकायला हवीत, पण आहेत तशी नकोत. दोघी बायका आत शिरल्या की वेटर विचारतो, ‘ताई, किती जण?’ दोघी म्हटलं की लगेच, ‘अजून कुणी येणारंय का सोबत?’ आणि उत्तराची वाट न बघता पडद्याकडे बोट. बाहेरच्या हॉलमध्ये पंखा चांगला असतो, उजेड असतो, रस्ता दिसतो. तिथे चारपैकी तीन टेबलं रिकामी असली तरी आम्ही आतच. ज्या बाईला पडदा हवा तिने जरूर घ्यावा, काही जणींना त्याशिवाय घास उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विचारा तरी! मी हल्ली सरळ खिडकीजवळच्या टेबलावर पर्स ठेवते आणि ‘इथेच’ म्हणते. वेटर क्षणभर मालकाकडे बघतो, मग पाणी आणतो.

आणि मालकांना एक शेवटचं. नवीन ड्रॅगन रंगवू नका, कंदीलही बदलू नका. मागच्या बाथरूमला आतून कडी, बादलीत पाणी आणि एक बल्ब एवढं करा. बस धरायच्या घाईतल्या बायका कुठल्या हॉटेलात शिरायचं ते आधी त्यावरून ठरवतात, मेनूकार्ड नंतर उघडतात.