दिव्यांआधी पाण्याचं बघा

ठाण्यातल्या आमच्या घरी अडीचशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सहा वर्षांपूर्वी ती मांडली, तेव्हा दुकानदाराने निळे एलईडी दिवे दाखवले आणि काचेवर अडकवायचा छोटा फिल्टर हातात ठेवला. ‘‘ताई, हा लावला की काळजी मिटली.’’ पाणी आरशासारखं दिसायचं. तरी तिसऱ्या आठवड्यात आमचं लेदर जातीचं मऊ प्रवाळ मिटलं, ते उघडेचना. अंगावर मेणचट पापुद्रा, त्यावर शेवाळ. मी औषधांच्या बाटल्या आणत राहिले. शेवटी एक दगड उचलला, तर मागे विष्ठेचा आणि उरलेल्या खाद्याचा काळा गाळ. नायट्रेट ८० वर गेलेलं.

लेदर प्रवाळ अधूनमधून कात टाकतं आणि ती कात वाहून न्यायला पाण्याचा जोर लागतो. जागचं न हलणाऱ्या या जिवाला प्राणवायू पाण्यानेच पोहोचायचा आणि त्याची घाणही पाण्यानेच जायची. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरले होते, तेव्हा लाट मला एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलत होती. खालची प्रवाळं त्याच हेलकाव्यावर जगतात. मी मात्र घरच्या प्रवाळाला साचलेल्या डबक्यात ठेवलं होतं.

फिल्टरबद्दलही असाच गैरसमज असतो. स्पंज फक्त कचरा अडवतो. विरघळलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते दगडांवरचे जिवाणू, आणि त्यांनाही प्राणवायू वाहत्या पाण्यातूनच मिळतो. स्पंज वेळेवर धुतला नाही, तर अडवलेला कचरा तिथेच कुजतो.

मग मी समोरासमोर दोन वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारे पंप, लावले. ते आलटूनपालटून चालतात आणि मिळून तासाला ५,००० लिटर, म्हणजे टाकीच्या वीसपट पाणी हलवतात. खाली संप, म्हणजे गाळणीची जोडटाकी, आणि प्रोटीन स्किमर बसवला. पावसाळ्यात किनाऱ्यावर जमतो तसा फेस करून तो घाण कुजण्याआधीच बाहेर काढतो. गाळणीची पिशवी दर तीन दिवसांनी धुते, आठवड्याला २५ लिटर पाणी बदलते. नवव्या दिवशी प्रवाळाने बोटं पसरली. त्या सकाळी मी चहा विसरून टाकीसमोर बसले होते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: टाकी, दिवे आणि मासे एकाच दिवशी विकणं बंद व्हायला हवं. जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, हे दुकानदाराने पैसे घेण्याआधी सांगावं. गिऱ्हाइकानेही आधी विचारावं, की पाणी कुठून कुठे फिरणार आणि वीज गेली तर काय? आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर कायम जोडलेला असतो. दिवे तासभर गेले तर चालतं, पण थांबलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर कमी होतो.

आणखी एक. आपल्याकडे सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी ती देऊ केली तर सरळ नकार द्या. समुद्रातून उचललेला दगडही घेऊ नका, सिरॅमिकचे दगड घ्या. त्यांवर जिवाणू तितक्याच आनंदाने राहतात.

रोज पाच मिनिटं पाण्याकडे बघायला सवड नसेल, तर टाकी घेऊ नका. सवड असेल, तर पहिला खर्च पाणी फिरवण्यावर करा.