हसल करताय? पण हलतंय कोण?

हल्ली कुणालाही विचारा, ‘काय चाललंय?’ उत्तर ठरलेलं. ‘बस, हसल यार!’ दिवसा जॉब, रात्री साईड हसल आणि वीकएंडला त्याचंच रील. मी पडले फ्रीलान्सर, त्यामुळे हा शब्द माझ्या तर पाचवीलाच पुजलेला. म्हटलं, एकदा याची कुंडली मांडूया.

तर मंडळी, हसलचं माहेर डच भाषेत. तिथे ‘हुत्सेलेन’ म्हणजे हलवणं, घुसळणं. बटाटा, गाजर, कांदा एकत्र घोटून केलेला ‘हुत्सपॉट’ हा डच पदार्थ याच घराण्यातला. सतराव्या शतकाच्या अखेरीला हा शब्द इंग्रजीत आला तो थेट जुगारातून. टोपीत नाणी घालायची, खळखळ हलवायची आणि उधळायची. खेळाचं नाव ‘हसल-कॅप’. म्हणजे बघा, हसल करायचा माणूस, पण हलायची बिचारी नाणी!

अठराव्या शतकात नाण्यांच्या जागी माणसं आली. हसल म्हणजे धक्काबुक्की. पुढे हसलर म्हणजे रेटारेटी करून लुटणारा चोर. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाकड्या वाटेने पटकन पैसा काढणं म्हणजे हसल झालं आणि त्याच शतकाच्या शेवटाकडे धडाडीने धंदा करणाराही हसलर ठरला. १९६१च्या ‘द हसलर’मध्ये पॉल न्यूमन पूलच्या टेबलावर लोकांना गंडवतो. १९७५मध्ये व्हॅन मकॉयचं ‘द हसल’ अमेरिकेत नंबर वन होतं आणि डिस्कोत पब्लिक याच नावाचा डान्स करत होती. चोर, ठग, उद्योगी, डान्सर... एका शब्दाचा बायोडेटा आणखी किती मोठा असावा?

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे, ‘खटपट’. ‘पोरगी खटपटी आहे हो’ म्हटलं की कौतुक. ‘खटपटी-लटपटी करून मिळवलं’ म्हटलं की आजीच्या भुवया वर! मराठीने दोन्ही अर्थ जपून ठेवलेत. हसलच्या चकाचक पोस्टरवरून मात्र दुसरा अर्थ गायब झालाय.

आणि तोच महागात पडतो. एका ठिकाणी माझं मानधन चार महिने अडकलंय. फोन केला की पलीकडून लाडिक आवाज, ‘अगं, काय हसलर आहेस तू!’ चेकच्या जागी कॉम्प्लिमेंट. तुमच्याकडेही असेलच की. रविवारी प्रेझेंटेशन करून द्या, ओव्हरटाइमऐवजी ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी घ्या.

मेहनतीला माझा विरोध नाही. स्वतःच्या कामासाठी रात्र जागवण्यात मजा आहेच. फक्त पुढच्या वेळी कुणी ‘हसलर’ म्हटलं, की एक प्रश्न स्वतःला विचारा. टोपी माझ्या हातात आहे, की मी टोपीत आहे?

मी तर उत्तर काढलंय. मागचा चेक आल्याशिवाय त्यांना पुढचा लेख नाही!