शेवटच्या पंगतीला कोण?

महाराष्ट्रातील गावजेवणाच्या आमंत्रणाचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. एका प्रकारात घरटी एक माणूस बोलावला जातो. दुसऱ्यात चूलबंद आवतण दिले जाते, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटू नये आणि लहानथोरांनी, घरी कोणी पाहुणा उतरला असेल तर त्याच्यासह, जेवायला यावे असे सांगितले जाते. दोहोंतील खर्चाचा फरक उघड आहे, परंतु त्याहून मोठा फरक असा की घरटी एक म्हटले की बहुधा घरातील कर्ता पुरुष येतो आणि बायकामुले घरच्या भाकरीवर राहतात, तर चूलबंद आवतणात सबंध घर पंगतीला बसते. शहरातील एखादी गल्ली, चाळ किंवा गृहनिर्माण संस्था कोजागरीचे दूध, गणपतीतील महाप्रसाद अथवा वर्षअखेरचे स्नेहभोजन आखते तेव्हा तिलाही हाच निर्णय घ्यावा लागतो, मात्र आपण काही ठरवत आहोत याची जाणीव कार्यकारिणीला फारशी नसते. प्रत्येक सदनिकेमागे चार कूपने असे ठरले की सहा माणसांच्या कुटुंबातील दोघे, भाड्याने राहणारे विद्यार्थी, रखवालदार, जिने झाडणारा कामगार आणि दहा घरांत पोळ्या लाटणाऱ्या बाई हे सर्व मोजणीबाहेर जातात. आचारी ठरवण्याआधी आणि पदार्थांची यादी होण्याआधीच शेजार म्हणजे कोण हे ठरून गेलेले असते, आणि पुढची सारी तयारी त्या आकड्यावर उभी राहते.

मोजणीनंतरचा प्रश्न जिन्नस कसे गोळा करावेत हा होय. रोख वर्गणी ही आज सर्वत्र रूढ झालेली पद्धत; तिच्याहून जुनी पद्धत शिध्याची, म्हणजे धान्य, डाळ, गूळ, तेल असे न शिजवलेले जिन्नस देण्याची. तिसरी पद्धत शिजवलेले अन्नच देण्याची असून तिचे भव्य रूप अखंड हरिनाम सप्ताहांत पाहायला मिळते. सप्ताहात सात दिवस अहोरात्र नामस्मरण, पारायण व कीर्तन चालते आणि काल्याच्या कीर्तनाने व महाप्रसादाने त्याची सांगता होते. गोदावरीकाठच्या सराला बेटाच्या परंपरेतील, गंगागिरी महाराजांच्या नावाने दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरणाऱ्या सप्ताहात पंचक्रोशीतील गावे घरोघर भाकरी भाजून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पाठवतात आणि मंडपाजवळ आमटी तेवढी मोठाल्या कढयांत शिजते. या विभागणीमागील व्यवहारज्ञान वाखाणण्याजोगे आहे, कारण भाकरी हा एकेक थापून भाजण्याचा, हातकाम फार मागणारा पदार्थ असल्याने तो एका जागी लाखोंच्या संख्येने करणे जवळजवळ अशक्य असते, पण हजारो चुलींवर वाटून दिला की कोणाच्याच अंगावर पडत नाही. आमटीचे नेमके उलट असते, कारण तिचे प्रमाण दहापट झाले तरी ढवळणाऱ्यांची संख्या दहापट करावी लागत नाही. या व्यवस्थेचा दुसरा परिणाम बहुधा कोणी योजलेला नसावा, परंतु सामाजिकदृष्ट्या तोच अधिक महत्त्वाचा आहे: एकदा भाकरी ढिगात पडली की ती कोणाच्या तव्यावरची हे सांगता येत नाही. अर्थात भाकरी गोळा करणारा ट्रॅक्टर गावातील कोणकोणत्या वस्त्यांपर्यंत जातो आणि कोणत्या वळणावरून परत फिरतो हे पाहिल्याखेरीज त्या ढिगाचे कौतुक करणे घाईचे ठरेल.

ही शंका घेण्यास इतिहासात पुरेसा आधार आहे. शिधा कोणाकडूनही स्वीकारावा, पण शिजवलेले अन्न आपल्या जातीबाहेरच्या हातचे खाऊ नये, हा निर्बंध एकोणिसाव्या शतकात इतका कडक होता की १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीला आपले काम गुप्तपणे चालवावे लागले. जातिभेद मोडू पाहणारे हे सुधारक बैठकीत ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खात, आणि सभासदांची नावे फुटल्यावर मंडळी विस्कटली. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमधील कार्यक्रमात चहा-बिस्किटे पुढे आली, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ज्यांत होते अशा त्या मंडळींवर ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे आचारभंगाबद्दल जातीने चालवलेला बहिष्काराचा खटला. रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सनातन्यांबरोबर सुधारकांचाही रोष ओढवून घेतला. ज्यांना पाण्यालाही शिवू दिले जात नव्हते त्यांच्या बाबतीत गोष्ट प्रायश्चित्तावर थांबत नसे: २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर तेथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या मंडपात परतलेल्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला, तेव्हा तेथील जेवणाचे अन्नही मातीत मिसळण्यात आले. सहभोजन, म्हणजे विविध जातींच्या लोकांनी जाहीरपणे एका पंगतीत जेवणे, हा कार्यक्रम त्या दशकात आणि पुढच्या दशकात ठिकठिकाणी झाला तो या पार्श्वभूमीवर. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी अशी सहभोजने घडवून आणली आणि १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृहही निघाले. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये रोखठोक मत मांडले की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, आपसांत जेवणव्यवहार असलेल्या जातीही जात टिकवून असतात, आणि खरा उपाय आंतरजातीय विवाहात, त्याहून खोलवर पाहता जातीला पवित्र ठरवणाऱ्या धर्मकल्पनांच्या त्यागात आहे. हे मत आजही खोडता येत नाही. एका पंगतीने शेजार घडतो असे मानणाऱ्या उत्साही संयोजकांनी ते वाचून मगच मंडपवाल्याला विसार द्यावा.

तरीही पंगतीचे महत्त्व उरते, आणि ते जेवण्यात आहे त्यापेक्षा रांधण्यात व वाढण्यात अधिक आहे. आज शहरातील बहुतेक ठिकाणी कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवावे यावर उघड आक्षेप घेतला जात नाही, उपाहारगृहांनी तो प्रश्न केव्हाच मागे टाकला आहे. परंतु स्वयंपाक कोणाच्या हातचा हा प्रश्न जिवंत असल्याचे २०१७ मध्ये पुण्यात दिसले, जेव्हा सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी जात लपवली म्हणून थेट पोलिसांत तक्रार करण्यात आली. केटरर नेमून रोख वर्गणीवर भागवलेले स्नेहभोजन ही अडचण सोडवत नाही, ती फक्त नजरेआड करते. सगळे रहिवासी ग्राहक होतात, गणवेशातली अनोळखी मुले वाढतात किंवा बुफेच्या टेबलामागे उभी राहतात, आणि ज्या कुटुंबांची वर्षभर ओळख नव्हती ती आपापल्या कोंडाळ्यात उभी राहून जेवून घरी जातात. सोय मोठी होते हे मान्य करावे लागेल, विशेषतः बायकांची, कारण ‘आपण सगळे मिळून करू’ या वाक्यातील ‘आपण’चे लिंग बहुतेक इमारतींत ठरलेले असते. म्हणून केटररला नाव ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कांदे कोण चिरणार हे आधी सांगावे.

मिळून स्वयंपाक करायचाच असेल तर पदार्थ असे निवडावे लागतात की ज्यांत अनेक नवशिक्या हातांना काम मिळेल. खानदेशातील भंडाऱ्याचा वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा बेत या दृष्टीने उत्तम आहे. बट्टी म्हणजे जाडसर कणकेचे उकडून किंवा भाजून घेतलेले गोळे, जे नंतर तोडून तळले अथवा तुपात घोळले जातात. कणीक मळणे, गोळे वळणे, वांगी चिरणे, विस्तव सांभाळणे ही सारी कामे पुरुषांना व मुलांना सहज देता येतात, आणि बिघडलीच तर बट्टीचा आकारच तेवढा बिघडतो. विदर्भातील रोडग्यांचेही तसेच असून ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जात असल्याने त्यांना मोकळी जागा लागते, गच्ची चालत नाही. सामिष जेवणाची परंपराही विसरू नये: दर्ग्याच्या उरुसाला किंवा नवस फेडण्यासाठी केली जाणारी कंदुरी, म्हणजे बकऱ्याच्या मटणाचे सामुदायिक जेवण, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांना एकत्र आणीत आली आहे. शहरी संस्थांत ‘सर्वांना चालेल’ म्हणून शाकाहारी बेत ठरतो तेव्हा त्यात सोय असतेच, पण कोणाचे खाणे सर्वांचे आणि कोणाचे खाणे फक्त त्यांचे, याचाही निकाल त्यात लागलेला असतो.

प्रमाणाचे गणित अवघड नाही. वरण, भाजी, पोळी आणि गोड पदार्थ असलेल्या जेवणात माणशी सुमारे १०० ग्रॅम कच्चे तांदूळ पुरतात, म्हणजे ३०० माणसांना ३० किलो. मसाला दुधासाठी माणशी २०० मिलिलिटर धरले की ६० लिटर दूध लागते. चुकते ते पाण्याचे, कारण पिण्याचे पाणी लक्षात राहते आणि भांडी घासण्याचे विसरते.

खरी काळजी अन्न शिजल्यानंतर सुरू होते. घरच्या पातेल्यातील भात तासाभरात निवतो, पण पन्नास माणसांच्या पातेल्यातील भाताचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, आणि साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात विषबाधा करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात. त्यांपैकी काहींचे बीजाणू, म्हणजे उष्णतेतही टिकून राहणारी सुप्तावस्था, शिजवण्यानेही नष्ट होत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी, सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि खाटा अपुऱ्या पडल्याने रुग्णांना उघड्यावर, दोरीला सलाइनच्या बाटल्या अडकवून उपचार द्यावे लागले. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून त्याखालील २०११ च्या विनियमांनी धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनाही लहान अन्नव्यावसायिकांच्या व्याख्येत घेतले आहे. त्या विनियमांनी अशा नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले होते. ही नोंदणी गल्लीतील मंडळांना जाचक वाटते खरी, पण दुपारी दोनला शिजवलेली आमटी पाहुण्यांच्या भाषणांसाठी रात्री नऊपर्यंत झाकून ठेवणे हा त्याहून मोठा जाच आहे. अन्न आधी वाढावे आणि भाषणे नंतर ठेवावीत. भरल्या पोटी श्रोते कमी उरले तर तेही वाईट नाही.

थर्मोकोल व एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी घातल्यापासून पत्रावळीला, म्हणजे पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेल्या पात्राला, पुन्हा मागणी आली आहे. पत्रावळ मांडीपुढे जमिनीवर मांडावी लागते, आणि मग ओळीने बसणे व वाढप्याने फिरणे ओघाने येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी व आमटी उजवीकडे, भात मध्ये, हा क्रम शहरातील मुलांना वाढता वाढता तासाभरात पाठ होतो. वाढप्याला प्रत्येकासमोर वाकावे लागते आणि ओळीतला एकही माणूस वगळता येत नाही. वगळलाच, किंवा कोणाला तुपाची धार सैल आणि कोणाला आखडती झाली, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो साऱ्या ओळीला दिसतो. बुफेत हा दोष घडत नाही असे नाही, पण तो पकडता येत नाही. त्यामुळे वाढण्याचे काम संस्थेच्या अध्यक्षाकडे, सर्वांत मोठ्या सदनिकेच्या मालकाकडे आणि दहावीतल्या मुलांकडे आवर्जून द्यावे, आणि रखवालदार व सफाई कामगार यांना पहिल्या पंगतीला बसवावे. एरवी घडते असे की दिवसभर खुर्च्या लावणाऱ्या या माणसांच्या हाती शेवटी फॉइलच्या डब्यातील उरलेले अन्न दिले जाते आणि त्यालाच आपुलकी समजले जाते. जुन्या घरांत शेवटची पंगत बायकांची असे आणि तिला पक्वान्न बेतानेच उरे. वाढपी बदलले तर ती पंगतही बदलते, म्हणून दुसऱ्या पंगतीला पुरुषांनी वाढावे हा नियम आमंत्रणावरच छापलेला बरा.

पैशाचा भाग थोडक्यात आटोपता येतो. वर्गणी ऐच्छिक ठेवावी, देणाऱ्यांची यादी रकमेसह फलकावर लावू नये, खर्चाचा तपशील मात्र आठवड्याच्या आत लावावा. शिल्लक उरली तर ती पुढच्या वर्षासाठी बँकेत ठेवण्यापेक्षा भांडी घेण्यात घालावी. अनेक गावांत मंडळाची, देवस्थानाची किंवा भावकीची सामाईक पातेली, पराती, कढया, झारे असतात, त्यांवर नाव कोरलेले असते, आणि बारशापासून तेराव्यापर्यंत कोणत्याही घरी ती नाममात्र भाड्याने किंवा नुसत्या नोंदीवर नेता येतात. शहरातील संस्थांनीही दोनशे माणसांचा एक संच घेऊन तो जिन्याखालच्या खोलीत कुलपात ठेवावा, किल्ली रखवालदाराकडे आणि वही चिटणीसाकडे असावी, आणि तो नेण्याचा हक्क भाडेकरूंना व कामगारांनाही असावा, कारण लग्नकार्य त्यांच्याही घरी असते.